काचताईनं मागितलेली शांतता

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलायला सडेतोड. त्यांनी कोऱ्या कागदावर माणसाचा गळा काढला, त्यात मधोमध एक चौकोन काढला आणि पेनानं तो काळाकुट्ट करून टाकला.

"हे स्वरयंत्र. गाठ इथे आहे, दोन्ही बाजूंना पसरलीय. तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आलाय. कॅन्सरच आहे. नुसत्या रेडिएशननं भागेल अशी वेळ राहिली नाही. हे सगळं काढावं लागेल."

"सगळं म्हणजे?" काचताईच्या नवऱ्यानं विचारलं. चार महिने त्याचा आवाज पत्र्यावर वीट घासल्यासारखा येत होता, तरी एवढा मोठा, की बाहेर बाकावर बसलेल्या दोघांनी माना वळवल्या.

"आवाजाची पेटीच. श्वासासाठी मानेत छिद्र ठेवू. बोलणं पुढे वेगळ्या रीतीनं शिकता येतं, यंत्रंही असतात. पण तुमचा हा आवाज राहणार नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर काही महिन्यांत गाठ श्वासाची वाट अडवेल." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "येता मंगळवार सोडून पुढचा मंगळवार मी तुमच्यासाठी धरून ठेवते. घरी बोला. ताई, तुमचं काय मत?"

काचताईनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवरा तिच्याकडे बघत होता. सव्वीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच तिच्या उत्तराची वाट बघत होता, आणि नेमका तेव्हाच तिच्या तोंडून ब्र निघेना.

"ती कमी बोलते," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "तिच्या वाटणीचंही मीच बोलतो."

त्यात खोटं काही नव्हतं. काचताई एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बावीस वर्षं काचा घासत आली होती, म्हणून हे नाव. पुढे मालक गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवून "साहेब, दहा वर्षं उतरली की हो!" म्हणायचे, आणि मागे ही गोल काचेवर शाईचे तीन ठिपके देऊन, फिरत्या दगडावर, पाण्याच्या धारेखाली तिला फ्रेमचा आकार द्यायची. केसभर जास्त घासली तर काच फ्रेममधून निसटते, केसभर कमी घासली तर बसवताना तडकते. त्या कामात बोलायला जागाच नाही. दिवसभर दगडाची चर्रर्र ऐकून संध्याकाळी कान नुसते भणभणत असायचे.

आणि घरी भोंगा.

भोंगा हे नाव नवऱ्याला बस-स्टँडनं दिलेलं. काचेच्या खोलीत बसून तो गाड्यांच्या घोषणा द्यायचा. त्याचं "लक्ष द्या!" कानावर पडलं की छपराखालची कबुतरं उडायची आणि बाकांवर झोपलेली माणसं पिशव्या कवटाळून उठून बसायची. माईक बंद पडला तर काम थांबत नसे, खिडकी उघडून तो तसाच सुरू. घरातही तेच. न्हाणीघरातून आरोळी यायची, "लक्ष द्या! फलाट क्रमांक एकवर येणारा चहा दहा मिनिटं उशिरानं धावत आहे!" खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात भेटली की विचारायची, "आला का हो चहा शेवटी?"

चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचणार तोच. जेवणाआधीची प्रार्थना तोच करणार, झोपण्याआधीचीही तोच. तिच्या वाट्याला फक्त शेवटचं "आमेन". मूल व्हावं म्हणून त्यानंच दहा वर्षं खणखणीत आवाजात मागणं मागितलं, आणि एका संध्याकाळी त्यानंच ते तितक्याच खणखणीतपणे थांबवलं. "प्रभू, तुझी मर्जी आम्हाला समजली. या विषयावर आता तुला त्रास नाही." त्याही दिवशी काचताई "आमेन" म्हणाली होती. नंतर बराच वेळ तिला भाकरीचा घास गिळता आला नव्हता, पण ते तिनं त्याला सांगितलं नाही.

तिची स्वतःची म्हणावी अशी प्रार्थना एकच. ती गेल्या वर्षीची.

त्या दिवशी दोन काचा फुटल्या होत्या, मालकांनी टोचून बोलून घेतलं होतं, डोकं ठणकत होतं. ती घरी येऊन कांदा चिरायला घेते न घेते तोच आतल्या खोलीत रविवारच्या पाठाची तालीम सुरू झाली. एकच ओळ पाच वेळा, पाच तऱ्हांनी. काचताईनं सुरी खाली ठेवली, डोळे मिटले आणि पुटपुटली, "प्रभू, या माणसाचा आवाज बंद कर. थोडी शांतता दे या घराला. आमेन."

नुसतं वैतागून बोलली असती तर ते हवेत विरलं असतं. पण तिनं डोळे मिटले होते. आमेन म्हटलं होतं. सव्वीस वर्षांत एकदा तोंड उघडून मागितलं, आणि काय मागितलं!

आता डॉक्टरीणबाई विचारत होत्या, तुमचं काय मत? "करा" म्हणावं तर तो आवाज ती स्वतःच्या हातानं कापून टाकणार. "नको" म्हणावं तर माणूसच जाणार. दोन्हीकडून ती प्रार्थना तिच्या अंगावर येत होती.

त्या रविवारी भोंग्यानं आणखी एक घोळ करून ठेवला.

चर्चमध्ये साक्षीच्या, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांना सांगण्याच्या वेळी पाळकांनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" तर हा उठला. तो पुढे जाऊन उभा राहिला, माईककडे त्यानं बघितलंही नाही.

"लक्ष द्या!" लोक हसले. "मला घशाचा कॅन्सर झालाय." हसणं जागच्या जागी थिजलं. "डॉक्टर म्हणतात आवाज काढा. मी म्हणतो, ज्यानं दिला तो राखेल. प्रभू मला सुरीशिवाय बरं करणार आहे. तुम्ही सगळे साक्षी आहात."

"आमेन!" दुसऱ्या बाकावरून त्याची धाकटी बहीण ओरडली. ती वर्षभर एका प्रार्थनागटात जात होती आणि आजाराला आजार म्हणायचीच नाही. मागोमाग सगळं चर्च "आमेन" म्हणालं. काचताईनं ओठ हलवले, आवाज काढला नाही. त्या शब्दाची तिला आता धडकी भरत होती.

तिच्या भीतीला दुसरंही कारण होतं. भोंग्याचा एक नेम तिला पाठ होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं एका गाडीचा फलाट चुकून तीन सांगितला आणि लगेच सुधारून सात केला. दोन्हीकडून माणसं धावली, एकमेकांवर आदळली, एक म्हातारा पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून भोंगा घोषणा देण्याआधी तीनदा खात्री करायचा, आणि एकदा दिली की दिली. तरीही चुकलाच तर खिडकीतून हात करून ड्रायव्हरला गाडी सांगितलेल्या फलाटावर आणायला लावायचा. "गाडी घोषणेकडे आणायची," तो म्हणायचा, "घोषणा गाडीकडे न्यायची नाही."

आणि ही घोषणा त्यानं भरल्या चर्चमध्ये दिली होती.

चर्चच्या पायऱ्यांवर नणंदेनं काचताईला गाठलं. "वहिनी, तू आमेन म्हणाली नाहीस. मी पाहिलं."

"म्हटलं की."

"ओठ हलवलेस. घरात एकाचा जरी विश्वास डळमळला ना, तर अडतं सगळं. सांगून ठेवते."

नणंदेला काही ठाऊक नव्हतं, पण नेम बरोबर बसला होता.

तो आठवडा तिनं जीव मुठीत धरून काढला. सोमवारी सकाळी बेसिनमध्ये रक्ताचा धागा दिसला. भोंग्यानं नळ सोडून दिला आणि म्हणाला, "हिरडी असेल." बुधवारी त्याला पाव गिळवेना, त्यानं तो चहात बुडवून बुडवून संपवला आणि वर "छान मऊ होता" असं प्रमाणपत्र दिलं. रोज संध्याकाळी तो प्रार्थनेला बसायचा, वाक्य अर्ध्यावर तुटायचं, तो थांबून श्वास घ्यायचा आणि तिथूनच पुढे जोडायचा. श्वास आत जाताना शिट्टी वाजायची. ती डोळे मिटत नसे. त्याच्या गळ्याकडे बघत बसे.

गुरुवारी दुकानात तिनं उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला घासून ठेवली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मालकांनी फ्रेम उजेडात धरली. "काचताई, हा चष्मा घातला तर माणूस भिंतीतून चालत जाईल की!" मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "घरी जा. दोन दिवस येऊ नका."

"घरी नको," ती म्हणाली. "इथे दगडाचा आवाज तरी असतो."

शनिवारी दुपारी भोंगा पहिली पाळी संपवून आला. घर तिसऱ्या मजल्यावर. काचताईला जिन्यात त्याची पावलं ऐकू आली, मग ती थांबली, मग फक्त शिट्टी. ती पळत खाली गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला होता, एक हात कठड्यावर, कपाळावर घाम. गळ्याच्या खाचेत कातडी आत ओढली जात होती.

"चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

"थांब... बसू दे. ओसरेल... दम."

ती एक पायरी खाली बसली आणि त्याचे गुडघे धरून राहिली. हळूहळू शिट्टी बारीक झाली.

"मंगळवारी आहे ना गं तारीख?" तो म्हणाला.

"हो."

"तू अजून सांगितलं नाहीस. सगळे बोलले, बहीण बोलली, पाळक बोलले, स्टँडवरचा चहावालाही बोलला. तू सांग. तू कर म्हणालीस तर करतो."

"मला नका विचारू."

"मग काय खालच्या मजल्यावर विचारू?"

"मी नाही म्हणू शकत. मी म्हटलं तर ते... ते मीच मागितलंय. तुमचा आवाज बंद कर, असं मीच मागितलं. गेल्या वर्षी. स्वयंपाकघरात."

"कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे? प्रभूकडे!"

"रागानं बोलली असशील."

"डोळे मिटून. शेवटी आमेन पण म्हटलं."

कठड्यावरचा त्याचा हात हलला. काचताईला वाटलं, आता हा उठणार, वर जाणार आणि आपल्याशी कधीच बोलणार नाही. तिनं गुडघे आणखी घट्ट धरले.

तर त्याला हसू फुटलं. हसण्याचा ठसका झाला, ठसक्याचा खोकला. रुमाल तोंडाला लावून तो बाजूला झुकला. रुमालावर लाल डाग आला तो त्यानं घडीत लपवला.

"म्हणजे मी सव्वीस वर्षं बोंबलतोय," तो धापा टाकत म्हणाला, "आणि तू एकदा कुजबुजलीस तर लगेच कारवाई? भलताच वशिला आहे तुझा!"

"चेष्टा करू नका हो! मला झोप नाही, अन्न जात नाही..."

"बरं बरं. अगं, वीस वर्षं सिगारेटी कुणी फुंकल्या? तू? डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी दहा वर्षं सांगितली, वीस होती. तक्रार तुझी असेल, धूर माझा आहे. आणि प्रभू म्हणजे काय आमच्या डेपोतला कारकून आहे का? अर्ज आला, मजकूर न वाचता ठोकला शिक्का?"

"आणि तुमचा कोण आहे मग?" काचताई एकदम म्हणाली. आपला आवाज जिन्यात घुमलेला ऐकून ती स्वतःच दचकली, पण थांबली नाही. "तुमचा म्हणजे स्टँडवरचा ड्रायव्हर! तुम्ही भर चर्चमध्ये फलाट सांगून मोकळे झालात, आता त्यानं मुकाट्यानं गाडी तिथे आणून लावायची. हो ना? आणि नाही लावली तर? मी काय करू? मी कुठल्या फलाटावर उभी राहू?"

खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

भोंगा गप्प बसला. नुसती शिट्टी येत-जात होती. काचताईला ती शांतता सोसवेना.

"बोला ना काहीतरी."

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "चर्चमध्ये मी विश्वासानं बोललो असं तुला वाटलं? बहिणीला वाटलं. मी घाबरून बोललो."

"सुरीची?"

"सुरीची नाही. मी जागा होईन. तुला हाक मारीन. आणि तू तिकडे तोंड करून बसली असशील, खिडकीकडे. तुला कळणारच नाही मी हाक मारली ते."

काचताईनं कपाळ त्याच्या गुडघ्यावर टेकलं. हे तिच्या मनातही आलं नव्हतं. स्वतःच्या एका आमेनला ती इतकी घाबरली होती की तो कशाला घाबरलाय हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"मी तिकडे तोंड करून बसणारच नाही," ती म्हणाली.

"मग सांग. करू?"

"करा."

शब्द गेला. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट त्या वर्षापूर्वीच्या मागण्यावर आपणच खाली सही केली, असं वाटलं. तो मात्र उठला आणि तिच्या खांद्याचा आधार घेत, दर चार पायऱ्यांना थांबत, वर आला.

रविवारी साक्षीच्या वेळी तो पुन्हा पुढे गेला. आज माईक त्यानं स्वतःहून हातात घेतला.

"लक्ष द्या," तो म्हणाला. पुढचं वाक्य नुसती हवा होऊन बाहेर पडलं.

"ऐकू येत नाही रे भोंग्या!" शेवटच्या बाकावरून एका आजीबाईंनी ओरडून सांगितलं. चार जण सवयीनं हसले आणि लगेच गप्प झाले. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या, ओठ हलले, माईकमधून खरखर आली. शेवटी तो तिच्याकडे बघायला लागला.

काचताई उभी राहिली. समोरच्या बाकाची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"ते... ते म्हणतायत की मागच्या रविवारी सांगितलं ते रद्द. मंगळवारी ऑपरेशन आहे. आवाज जाणार. ऑपरेशन करूनही काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. आम्ही दोघं फार घाबरलोय. एवढंच."

पाळक खाली उतरून तिच्याजवळ आले. "आपण प्रार्थना करू या. काय मागू, ताई?"

"जपून मागा, पाळकसाहेब," ती घाईनं म्हणाली. "म्हणजे... शब्द नीट बघून."

पाळकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांनी फार मोठी प्रार्थना केली नाही.

बाहेर नणंद वाटच बघत होती. चेहरा लालबुंद. "आठ दिवसांत संपला विश्वास? लोक काय म्हणतील? दादानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता!"

"संपला नाही, वन्सं," काचताई म्हणाली. "आहे तिथेच आहे. घाबरलाय फक्त."

"असा घाबरतो का कुठे विश्वास?"

"मला नाही माहीत. आमचा घाबरतो."

नणंदेनं आणखी काही बोलायला तोंड उघडलं, पण नजर भोंग्याकडे गेली. तो फाटकाला टेकून श्वास गोळा करत होता. "मला एकच भाऊ आहे गं," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. "मी आजाराचं नाव घेतलं तर तो खरा होईल, असं वाटतं मला."

काचताईनं तिचा हात धरला. दोघींचे हात सारखेच गार होते.

मंगळवारी सकाळी आठ वाजता वॉर्डात परिचारिका कागद घेऊन आली. भोंग्याच्या मानेवर डॉक्टरीणबाईंनी निळ्या शाईनं रेघ मारली होती.

"पेशंटची सही झालीय. नातेवाइकाची इथे."

काचताईनं कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. रक्तस्राव. जंतुसंसर्ग. आवाज कायमचा जाणे. त्याच्या पुढची ओळ तिनं दोनदा वाचली आणि पानाच्या कडेला अंगठा इतका दाबला की कागद मुडपला.

"वाचत काय बसलीस," भोंगा कुजबुजला. "सगळ्यांना हाच कागद देतात."

"हात थरथरतोय हो."

"मग थरथरती कर. बँकेत थोडीच द्यायचीय!"

परिचारिकेला हसू आलं. काचताईला आलं नाही. केसभर इकडेतिकडे न होणारा तिचा हात त्या चार अक्षरांवर तीनदा अडखळला. सही झाली. ती दुसऱ्याच कुणाचीतरी वाटत होती, पण परिचारिकेनं कागद घेतला.

भोंग्यानं सवयीनं डोळे मिटले. "प्रभू," तो म्हणाला, आणि थांबला. काचताई वाट बघत होती. पुढचं वाक्य येईना. त्यानं डोळे उघडले. "काही सुचत नाही गं. पहिल्यांदाच."

"राहू दे. आला असेल त्याला अंदाज."

मग चाकांची गाडी आली. ती गाडीचा दांडा धरून दुहेरी दारापर्यंत गेली. दारात तो काहीतरी म्हणाला, पण चाकं उंबऱ्यावरून खडखडत गेली आणि तिला ते ऐकू आलं नाही. दार लागलं. परत उघडून विचारावं असं तिला वाटलं, पण तिथे तांबडा दिवा लागला होता.

बाकावर नणंद आधीच येऊन बसली होती. काचताई तिच्या शेजारी बसली. घड्याळात नऊलाही वेळ होता. पाच-सहा तास लागतील, असं सांगितलं होतं. तिचे ओठ हलत होते.

"काय मागतेस, वहिनी?" नणंदेनं घाबरत विचारलं. "मलाही सांग. मी पण तेच मागते."

"मागत काही नाही," काचताई म्हणाली. तिनं दारावरची नजर काढली नाही. "मागायची हिंमत नाही माझी. प्रभू, आत त्यांच्याजवळ आहेस ना, एवढंच परत परत विचारतेय."

"मग? काय वाटतंय?"

"विचारतेय अजून."